पाणघोड्याच्या चपलेचा पहिला नंबर

किल्ल्या बनवायच्या दुकानाच्या वर, जिन्याच्या तोंडाशी असलेल्या खोलीत एक बातमीदार राहायचा. तुमच्या डोळ्यांसमोर येतो तसला बातमीदार नव्हे. आग, अपघात, निवडणूक यांच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. खाली रस्त्यावर दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या, तर तो उठून खिडकी लावून घ्यायचा. आवाजाने लक्ष उडतं म्हणून. त्याची बातमी एकाच गोष्टीची. लोक ज्याच्या चौकटीत दोन शब्द टाकून जगातली वाट्टेल ती वस्तू शोधतात, ते शोधयंत्र आज कसं आहे? त्याने कुणाला वर चढवलं, कुणाला खाली ढकललं, उद्या त्याला काय खावंसं वाटेल? ज्यांच्या ज्यांच्या वेबसाइट होत्या, ते सगळे सकाळी दात घासता घासता ह्याचं पान उघडायचे आणि दिवसभर हा सांगेल तसे नाचायचे.

त्याने एकदा लिहिलं, की पिवळ्या बटणावर लोक जास्त क्लिक करतात असा एक अंदाज आहे. 'अंदाज' हा शब्द कुणी वाचलाच नाही. दुपारपर्यंत निम्म्या जगाची दुकानं पिवळी झाली. एका दातांच्या डॉक्टरने उत्साहाच्या भरात आपल्या पानावरच्या फोटोतले दातसुद्धा पिवळे करून घेतले, आणि पेशंट का येत नाहीत म्हणून ह्यालाच फोन केला. एक गादीवाला होता. त्याने आपल्या पानावर 'मऊ गादी, मऊ गादी' इतक्या वेळा कोंबलं होतं, की ते पान उघडलं की मधोमध खचायचं. हसू नका. मी स्वतः पाहिलंय. वरची ओळ घसरत घसरत खालच्या ओळीच्या मांडीवर येऊन बसायची.

हे सगळे बातमीदाराला फोन करायचे, पण पडल्यावर. वर चढलेला माणूस कधी फोन करत नाही, हा त्या धंद्याचा नियमच. त्यामुळे त्याच्या कानाला जगाचा एकच आवाज ठाऊक होता: "साहेब, बुडालो!" तो शांतपणे विचारायचा, "कुठल्या शब्दावर बुडालात?" समोरचा शब्द सांगायचा. हा दोन उपाय सुचवायचा. समोरचा फोन ठेवायचा. 'तुम्ही कसे आहात?' हे विचारायला बुडणाऱ्या माणसाला सवड कुठली?

खोलीत संगणकाचे दोन पडदे, एक टेबल, हाताशी झिजलेली एक खुर्ची. दुसरी खुर्ची होती, पण तिच्यावर जुने कीबोर्ड आणि वायरींचा गुंता बसलेला असायचा, आणि तो कुणासाठी उठत नसे. डाव्या पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा सतत हलायचा: आत्ता ह्या घटकेला त्याचं पान किती जण वाचताहेत. सकाळी तो आकडा जत्रेसारखा फुगायचा आणि दुपारी ओसरत ओसरत दोनावर यायचा. त्यातला एक तो स्वतः. जेवताना तो ताट त्या आकड्यासमोर घेऊन बसायचा. दुसरा जो कोण होता तो जाईपर्यंत सावकाश जेवायचा, आणि आकडा एकावर आला की पटापट उरकून उठायचा.

खालच्या दुकानातली किल्लीवाली मावशी ही त्याच्याशी बुडाल्याशिवाय बोलणारी एकटीच बाई. वयाने सत्तरीच्या पुढची. कानात किल्ल्या घासायच्या मशीनचा आवाज इतका मुरलेला, की साधं बोलायची तेही ओरडून.

"काय रे बातमीदारा, आज तुझं यंत्र जेवलं का?"

"जेवलं की, मावशी. सकाळीच चार-पाचशे दुकानं गिळली."

"आणि तू?"

"बघतो काहीतरी."

"काहीतरी बघून पोट भरत असतं तर मी किल्ल्या कशाला घासल्या असत्या? इकडे ये. हा घे अर्धा." आणि आपल्या डब्यातलं त्याच्या हातावर ठेवायची. "मला एक सांग. एवढं जग तुझं वाचतं, मग तुझ्या जिन्यावर कुणाच्या चपला का दिसत नाहीत?"

"वाचायला जिना चढावा लागत नाही, मावशी."

"तेच म्हणते मी. वाईट धंदा."

आता चपलांचा विषय निघालाच आहे, तर मूळ गोष्ट सांगतो.

ह्या बातमीदाराला एक धाकटी बहीण होती. लहानपणी आई दुपारच्या पाळीला कामावर गेली, की धाकटी भोकाड पसरायची. तिला गप्प करायला ह्याने एक पाणघोडा शोधून काढला. त्या पाणघोड्याने हौसेने चपला घेतल्या, आणि पहिल्याच दिवशी त्यातली एक हरवली. मग तो घरोघर जाऊन, दारातून मावत नाही म्हणून खिडकीशी तोंड लावून विचारायचा, "माफ करा हं, माझी चप्पल इकडे आलीये का?" रोज एक नवं घर. एका घरात तिचं होडकं झालेलं, एका घरात तिच्यात मांजर व्यालेलं. आईने कुलपात किल्ली फिरवली की गोष्ट तिथेच थांबायची. ती संपली कधीच नाही. 'पाणघोड्याची चप्पल' हे दोन शब्द जगात दोनच माणसांना ठाऊक होते.

पुढे दोघं मोठी झाली, धाकटीचं लग्न झालं, आई थकली. आणि ज्या दुपारी आई दवाखान्यात शेवटचे श्वास मोजत होती, नेमक्या त्याच दुपारी शोधयंत्राने मोठी उलथापालथ केली. वरचे खाली, खालचे गायब. वेबसाइटवाले बेंबीच्या देठापासून ओरडत होते. धाकटीने फोन केला, "दादा, ये." हा म्हणाला, "आलोच, एवढी एक बातमी टाकतो." एका बातमीची दुसरी झाली, दुसरीची तिसरी. तो पोहोचला तेव्हा पलंगावरची चादर बदलणं चाललं होतं.

धाकटी ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "विचार आता तुझ्या यंत्राला, आई कुठे सापडेल."

त्यानंतर ती बोलली नाही. तिने फोन करावा म्हणून हा थांबला. ह्याने करावा म्हणून ती थांबली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि इथे तर दोन्ही सुंभ एकाच दोरखंडाचे. मग तिच्या नवऱ्याची बदली झाली, तिचा नंबर बदलला. ह्यानेही खोली बदलली आणि नंबरही. राग निवेपर्यंत दोघांकडेही एकमेकांचा पत्ता उरला नव्हता.

म्हणाल, शोधायचं की! जगाला शोध कसा लागतो हे शिकवणारा माणूस तो. त्याने शोधलंही. पण धाकटीचं नाव इतकं सर्रास, की भर बाजारात हाक मारली असती तर निम्म्या बायका वळल्या असत्या आणि उरलेल्यांनी विचारलं असतं, "माझ्या बहिणीकडे काम आहे का?" त्यात लग्नानंतरचं आडनावही तसलंच, पायलीला पन्नास. शोधयंत्राने त्याला एक न्यायाधीश दाखवली, एक पोहण्यातली विजेती दाखवली, आणि त्याच नावाचं एक हरवलेलं मांजर दाखवलं. ह्याचं नावही त्याच मापाचं, आणि बातमीच्या पानावर ते त्याने कधी टाकलंच नव्हतं. नावाने कुणी कुणाला सापडणार नव्हतं.

तेव्हा त्याच्या धंदेवाईक डोक्याने दुसरी वाट काढली. 'मला ती सापडत नसेल,' तो म्हणाला, 'तर तिला मी सापडलो पाहिजे. कधीतरी एखाद्या रिकाम्या दुपारी तिला आठवण होईल, आणि ती चौकटीत ते दोन शब्द टाकेल. त्या क्षणी पहिल्या नंबरवर मी असायला हवा.'

तो पान लिहायला बसला. सुरुवात बरी केली होती. 'एक पाणघोडा होता' अशीच केली होती, आणि शेवटी एक ओळ लिहिली होती: 'धाकटे, हा मी आहे. फोन कर.' खाली फोनचा नंबर. पण चार वेळा वाचल्यावर त्याच्यातला बातमीदार जागा झाला. यंत्राला गोष्ट कळत नाही. यंत्राला मथळे कळतात, प्रश्न कळतात, नेमके शब्द कळतात. त्याने गोष्टीचे तुकडे केले. 'पाणघोड्याची चप्पल म्हणजे काय?' 'पाणघोड्याची चप्पल का महत्त्वाची आहे?' 'पाणघोड्याच्या चपलेबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न.' मग त्याची नजर त्या शेवटच्या ओळीवर गेली. 'धाकटे, हा मी आहे' असं जगात कुणी शोधत नाही. असली ओळ पानाला जड होते, पान खाली जातं. आधी नंबर येऊ दे, मग टाकू, असं म्हणून त्याने ती फोनच्या नंबरासकट काढली.

नंबर आला. दुसऱ्याच दिवशी पहिला. येणार नाही तर काय, मैदानात दुसरं होतं कोण? पण आता त्याला भीती वाटायला लागली, की ओळ टाकली आणि नंबर गेला तर? म्हणून त्याने ती टाकली नाही, उलट पहिल्या पानाला राखायला दुसरं पान लिहिलं. 'पाणघोड्याची चप्पल: उजवी की डावी?' दुसऱ्याला राखायला तिसरं. 'पाणघोड्याच्या चपलेचं योग्य माप कसं घ्यावं.' 'तुमच्या जवळपास पाणघोड्याची चप्पल.' 'पाणघोड्याची चप्पल: सर्वोत्तम दहा पर्याय.' बातमीचं काम आटोपलं की दुपारभर तो हेच करायचा. पहिल्या निकालापासून खाली कितीही घसरत जा, ह्याचीच पानं. आपल्याच घराच्या प्रत्येक खिडकीत आपणच उभं राहून रस्त्याकडे बघत बसावं, तसं.

रोज सकाळी नंबर तपासणारी त्याची यंत्रणा त्याला सांगायची: क्रमांक एक. तो मान हलवायचा आणि चहा ठेवायचा. क्रमांक एक असल्यावर खाली कोण आहे हे कशाला बघायचं?

मग जे झालं ते सांगितलं तर मावशीसुद्धा विश्वास ठेवायची नाही. आणि ती तर तिथेच राहत होती. जगात इतकी पानं एका गोष्टीवर आहेत म्हणजे त्या गोष्टीत काहीतरी असणार, असं लोकांना वाटू लागलं. कुणी कुतूहलाने शोधलं. शोधणारे वाढले, म्हणून आणखी लोकांनी शोधलं. एका पादत्राणांच्या कारखान्याने नमुना म्हणून एक चप्पल बनवून पाहिली. ती फाटकातून बाहेर निघेना. प्राणिसंग्रहालयाच्या माणसाने वैतागून पाटी लावली, 'आमचे पाणघोडे अनवाणी आहेत, कृपया विचारू नये.' ऑनलाइन मार्केटिंगचे शहाणे भाषणं देऊ लागले, की येत्या वर्षी जो पाणघोड्याच्या चपलेवर नसेल तो धंद्यात नसेल. गादीवाल्याने फोन केला तो पहिल्यांदाच न बुडता.

"साहेब, मी पण घेतोय!"

"काय?"

"पाणघोड्याची चप्पल. गादीच्या पानावर टाकतोय. 'पाणघोड्याच्या चपलेइतकी मऊ गादी.' कसं वाटतंय?"

"चप्पल मऊ होती असं तुम्हाला कुणी सांगितलं?" बातमीदार एकदम तोडून बोलला.

"कडक होती का?" गादीवाला घाबरला. "मग 'कडक' टाकू?"

बातमीदाराने फोन ठेवला. त्या दिवशी त्याला आपल्याच पानावर बातमी द्यावी लागली: 'पाणघोड्याच्या चपलेची लाट: वेबसाइट मालकांनी काय करावं?' लिहिताना त्याला काहीच वाटलं नाही. लिहून झाल्यावर मात्र तो बराच वेळ खिडकीशी उभा राहिला. जगात दोघांचीच असलेली वस्तू आता सगळ्यांची झाली होती. आणि जिच्यासाठी केलं तिचा पत्ता नव्हता.

त्याने मावशीला सगळं सांगितलं. मावशीने मशीन बंद केली, म्हणजे प्रकरण गंभीर.

"म्हणजे तू दारात दिवा लावून बसलायस," ती म्हणाली.

"हो."

"आणि दारावर पाटी?"

"पाटी नाही. पाटीने नंबर खाली जातो."

"म्हणजे दिवा दिसेल, पण घर कुणाचं ते कळायचं नाही."

"मावशी, तुम्हाला ह्यातलं तंत्र कळायचं नाही."

"नसेल कळत. माझं दुकान अशा लोकांवरच चालतं. स्वतःच किल्ली आत ठेवून दार ओढून घेतात, आणि मग मला म्हणतात, कुलूप खराब आहे." तिने मशीन पुन्हा सुरू केली.

आणि मग एका सोमवारी शोधयंत्राच्या कंपनीने जाहीर केलं, की जी पानं माणसांनी वाचावीत म्हणून नव्हे, तर केवळ यंत्राच्या डोळ्यांत भरावीत म्हणून लिहिली गेली आहेत, ती आता खाली जातील. हळूहळू नाही. आठवडाभरात.

बातमीदाराने ती घोषणा दोनदा वाचली. जगात ह्या वर्णनात चपखल बसणारं काही असेल, तर ती त्याची चपलेची पानं. ती गेली की धाकटीने शब्द टाकले तरी समोर कारखानदार येतील, गादीवाला येईल. हा येणार नाही. इतकी वर्षं धरून ठेवलेली एकुलती एक वाट आठवडाभरात बुजणार होती.

पण बातमी ती बातमी. त्याने नेटकी बातमी लिहिली. 'ज्यांनी माणसांसाठी लिहिलं आहे त्यांनी घाबरू नये,' हे वाक्य टाइप करताना बोट अडखळलं, पण लिहिलं. मग तो आपली पानं सावरायला बसला. मथळे काढून टाकावेत, पुन्हा गोष्ट करावी, माणसासाठी लिहावं. 'एक पाणघोडा होता,' त्याने लिहिलं. पुढचं वाक्य आलं ते असं: 'पाणघोड्याच्या चपलेचे अनेक फायदे आहेत.' पुसलं. पुन्हा लिहिलं. 'चला तर मग, जाणून घेऊया.' पुसलं. त्याने धाकटीचा चेहरा समोर आणून पाहिला, तर चेहऱ्याखाली लगेच 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न' उमटायला लागले. माणसाशी बोलायची भाषा त्याच्या बोटांतून कधी निघून गेली, ते त्याला कळलं नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा एकावर होता. त्याने ताट आणलंच नाही.

गुरुवारी दुपारी फोन वाजायला लागले. "साहेब, बुडालो!" दातांचा डॉक्टर बुडाला. चपलांचा कारखाना बुडाला. गादीवाल्याचं पान इतकं खाली गेलं, की ते शोधायला गेलेला त्याचा स्वतःचा मेहुणा अजून परत आलेला नाही म्हणतात. बातमीदाराने प्रत्येकाला विचारलं, कुठल्या शब्दावर? आणि शेवटी फोनचा आवाज बंद करून त्याने तो शब्द स्वतः चौकटीत टाकला.

त्याचं एकही पान नव्हतं. कारखाना नव्हता, शहाणे नव्हते. सगळी गर्दी धुऊन निघाली होती आणि निकाल एकच उरला होता. त्याचं शीर्षक: 'नवीन पान'.

सवयीने त्याने आधी चुका मोजल्या. शीर्षक बदललेलंच नाही. फुकट पान बनवून देणारे देतात तसंच ठेवलंय. वर्णन नाही. चित्राच्या जागी करडा चौकोन. मजकूर जेमतेम. असलं पान कुणी माझ्याकडे आणलं असतं, तर मी म्हटलं असतं की बाबा, हे कधीच वर येणार नाही. मग त्याने मजकूर वाचला.

'पाणघोड्याची चप्पल. ही गोष्ट फक्त दोघांना माहीत आहे. मला माहीत आहे. दुसऱ्याने हे वाचलं तर फोन करावा. मी अजून रागावलेली आहे, पण फोन उचलीन.'

खाली नंबर होता. आणि पान बनवल्याची तारीख होती: तीन वर्षांपूर्वीची. तीन वर्षं ते पान तिथेच होतं. फक्त त्याच्यावर ह्याची पानं रचलेली होती, थरावर थर, रोज दुपारी एक.

तो खुर्चीतून उठला, जिन्यापर्यंत गेला, परत आला. 'हे पान दुसऱ्या कुणाचं असेल,' त्याने स्वतःला सांगून पाहिलं. ते काही पटलं नाही. त्याने नंबर लावला.

खूप वेळ वाजला. मग पलीकडून दम लागलेला आवाज. "हॅलो. कोण?"

"मी."

"मी कोण?"

"चपलेबद्दल फोन केलाय."

"आमच्याकडे चपला मिळत नाहीत हो," आवाज वैतागला. "मधे सारखे फोन यायचे, आता कुठे कमी झालेत. ठेवा."

"ठेवू नकोस. मागच्या डाव्या पायाची होती."

पलीकडे काहीतरी पडलं. भांडं असावं, गोल गोल फिरून थांबल्याचा आवाज आला. पुढच्या पायाची की मागच्या, हे त्याने इतक्या पानांत कुठेच लिहिलं नव्हतं. विचारणारं कुणी नव्हतं म्हणून.

"दादा?"

"हं."

मग धाकटीच बोलली, आणि बोलली ते भांडायच्याच आवाजात. "तीन वर्षं झाली ते पान टाकून! एक माणूस शोधू शकत नाहीस तू? जगाला शिकवतोस ना?"

"मी वरच होतो गं," तो म्हणाला. "पहिल्या नंबरवर. तुझ्यासाठीच. ती सगळी पानं माझी होती."

"कुठली पानं?"

"चपलेची. माप, फायदे, सर्वोत्तम दहा…"

"ती तुझी?" तिचा आवाज एकदम खाली आला. "दादा, मी वाचली होती ती. माझं पान टाकलं त्याच दिवशी. सगळी नाही, पण बरीच. मला वाटलं, कुणा दुकानदाराच्या हाती आपली चप्पल लागली. म्हटलं, दादानेच विकली असेल कुणाला. दोन दिवस जेवले नाही मी."

त्याने फोन दुसऱ्या कानाला धरला.

"शेवटपर्यंत वाचत गेले," ती म्हणाली, "कुठेतरी तू असशील म्हणून. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'आम्हाला आशा आहे की ही माहिती आपल्याला उपयुक्त वाटली असेल.' तिथे बंद केलं. तू मला 'आपण' कधीपासून म्हणायला लागलास?"

"एक ओळ होती," तो म्हणाला. "तुझ्यासाठी. मी काढली."

"का?"

त्याने कारण सांगितलं. सांगताना त्याचं त्यालाच ते ऐकू आलं, बहुधा पहिल्यांदाच. पलीकडून हसण्याचा आवाज आला की नाकाने श्वास ओढल्याचा, ते त्याला ठरवता आलं नाही.

"मी तिकडे येऊ?" त्याने विचारलं. "कुठे राहतेस?"

"नको. इतक्यात नको," ती म्हणाली. "आईचं मी विसरलेले नाही, दादा. पानावर लिहिलंय ते खरं आहे. अजून रागावलेली आहे."

"हो. लिहिलंयस."

"पण तू ठेवू नकोस फोन. माझे कपडे बादलीत आहेत, वाळत घालून येते. बोलता येत नसेल तर नुसता थांब. येईल ना तेवढं?"

"येईल."

तिने फोन कुठेतरी टेकवला. खिडकीत असावा, कारण वाऱ्याचा आवाज यायला लागला. त्याने स्वतःचा फोन कानाला घट्ट धरला. पाणी निथळल्याचा आवाज आला, कपडा झटकल्याचा आला, दोरीवरचे चिमटे एकामागून एक लागल्याचा आला. कुणीतरी शेजारीण असावी, तिने दुरून ओरडून विचारलं, "एवढा वेळ कुणाशी गं बोलत होतीस?"

"कुणी नाही," धाकटी ओरडून म्हणाली. "भाऊ आहे."

मग पुन्हा कपडे झटकल्याचा आवाज. तिच्याकडे वाळत घालायचं बरंच होतं. तो थांबला.